मोठ्या माणसांना लावलेली चार अक्षरे

एखादा नट, खेळाडू, शास्त्रज्ञ किंवा राष्ट्रपुरुष मुळात अंतर्मुख होता की बहिर्मुख, तो निर्णय तर्काने घेत असे की आतल्या जिव्हाळ्याने, याविषयी लोक पूर्वापार बोलत आले आहेत. परंतु गेल्या काही दशकांत या बोलण्याला एक ठरावीक परिभाषा लाभली असून ती अवघ्या चार रोमन अक्षरांची आहे. आइन्स्टाइन यांना ‘आयएनटीपी’ आणि महात्मा गांधींना ‘आयएनएफजे’ म्हटले जाते, त्याला आक्षेप घेणारे तितक्याच हिरिरीने दुसरी अक्षरे पुढे करतात, आणि मग एका अक्षराच्या फरकावरून चरित्रातील प्रसंग, जुन्या मुलाखती, पत्रव्यवहार, इतकेच नव्हे तर छायाचित्रांतील चेहऱ्यावरचे भावही पुरावा म्हणून मांडले जातात. ही अक्षरे मायर्स-ब्रिग्ज या व्यक्तिमत्त्व-प्रकारसूचीतील आहेत. ती कोठून आली, त्यांचा नेमका अर्थ काय आणि ज्याला कधी जवळून पाहिलेले नाही अशा माणसाला ती लावता येतात का, हे तीन प्रश्न वेगवेगळे असले तरी वादाच्या भरात त्यांची नेहमीच सरमिसळ होते.

या पद्धतीचे मूळ स्विस मनोवैज्ञानिक कार्ल गुस्टाव्ह युंग यांच्या १९२१ साली प्रसिद्ध झालेल्या मनोवैज्ञानिक प्रकारांवरील ग्रंथात आहे. फ्रॉइड आणि आल्फ्रेड ॲडलर हे दोघे तितकेच बुद्धिमान अभ्यासक असूनही एकाच प्रकारच्या रुग्णाकडे पाहून इतके वेगळे निष्कर्ष का काढतात, हा युंग यांच्यापुढचा एक जिवंत प्रश्न होता, आणि या फरकाचे मूळ त्यांना पाहणाऱ्याच्या स्वभावात सापडले: फ्रॉइड यांचा सिद्धांत बहिर्मुख वृत्तीचा, तर ॲडलर यांचा अंतर्मुख वृत्तीचा, असे त्यांनी मांडले. त्याच ग्रंथात शिलर, गटे, नीत्शे यांच्यापासून ल्यूथर आणि झ्विंग्ली यांच्या धर्मविवादापर्यंत अनेक ख्यातनाम व्यक्तींचा ऊहापोह आहे, आणि विचारप्रधान माणसाची दोन रूपे दाखवताना बहिर्मुख बाजूला डार्विन व अंतर्मुख बाजूला कांट अशी उदाहरणे घेतलेली आहेत. म्हणजे प्रसिद्ध माणसांना प्रकारांत बसवण्याची प्रथा या सिद्धांतावर नंतर कोणी लादलेली नाही, ती त्याच्या जन्मापासूनच त्याच्याबरोबर आहे.

अमेरिकेत कॅथरीन कुक ब्रिग्ज यांनी युंग यांचे नाव ऐकण्याच्याही आधी, १९१७ च्या सुमारास, थोरामोठ्यांची चरित्रे वाचून माणसांचे प्रकार पाडायला सुरुवात केली होती. चिंतनशील, उत्स्फूर्त, कार्यवाहक आणि समाजशील असे त्यांचे स्वतःचे चार प्रकार होते. १९२३ साली युंग यांच्या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद हाती आल्यावर आपल्या वर्गीकरणापेक्षा हे अधिक खोल आहे अशी त्यांची खात्री पटली आणि पुढचे आयुष्य त्यांनी त्या विचाराच्या प्रसाराला वाहिले. त्यांची कन्या इझाबेल ब्रिग्ज मायर्स या राज्यशास्त्राच्या पदवीधर आणि बक्षीसपात्र रहस्यकथेच्या लेखिका होत्या. मानसशास्त्राचे औपचारिक शिक्षण दोघींपैकी एकीचेही झालेले नव्हते. दुसऱ्या महायुद्धात लाखो स्त्रिया प्रथमच कारखान्यांत आणि कचेऱ्यांत कामाला लागल्या, तेव्हा कोणाला कोणते काम मानवेल हे ओळखण्यासाठी इझाबेल यांनी प्रश्नावली रचायला घेतली आणि तिचा पहिला नमुना १९४३ मध्ये तयार झाला. १९६२ साली एका मोठ्या अमेरिकी परीक्षासंस्थेने ती संशोधनासाठी प्रसिद्ध केली आणि १९७५ नंतर तिचा व्यावसायिक प्रसार जगभर झाला. पुण्या-मुंबईतील कंपन्यांच्या प्रशिक्षणवर्गांत आज जी चार अक्षरे कागदावर हाती पडतात, ती या आई-मुलीच्या स्वयंपाकघरात आणि बैठकीच्या खोलीत आकाराला आलेली आहेत.

अक्षरांचा अर्थ नीट समजून घेतल्याशिवाय पुढचा वाद कळत नाही, कारण निम्मे मतभेद शब्दांच्या गैरसमजातून उद्भवतात. पहिली जोडी ‘ई’ आणि ‘आय’ ही बहिर्मुखता आणि अंतर्मुखता यांची. येथे अंतर्मुख म्हणजे लाजाळू किंवा अबोल नव्हे, तर ज्याच्या मनाची ओढ बाहेरच्या माणसा-वस्तूंपेक्षा आतल्या अनुभवाकडे अधिक आहे असा माणूस, आणि असा माणूस व्यासपीठावर तासभर रंगून बोलूही शकतो. दुसरी जोडी माहिती ग्रहण करण्याच्या रीतीची: ‘एस’ म्हणजे संवेदन, अर्थात समोर जे दिसते, हाताला लागते, मोजता येते त्यावर भिस्त, आणि ‘एन’ म्हणजे अंतःप्रज्ञा, अर्थात त्यामागचा संबंध, शक्यता आणि सूचित अर्थ यांकडे धाव. तिसरी जोडी निर्णयाची: ‘टी’ म्हणजे विचार आणि ‘एफ’ म्हणजे भावना, परंतु ही भावना म्हणजे हळवेपणा नसून मोलाचे काय आणि कमी मोलाचे काय याचा निवाडा करणारी वृत्ती होय, आणि युंग यांनी तिला विचाराइतकीच विवेकी क्रिया मानले आहे. चौथी जोडी ब्रिग्ज-मायर्स यांनी स्वतंत्रपणे पुढे आणली: ‘जे’ असलेल्या माणसाला बाहेरचे आयुष्य ठरवून, आखून, निकालात काढून जगणे मानवते, तर ‘पी’ असलेल्याला नवी माहिती येईपर्यंत दार उघडे ठेवणे आवडते. चार जोड्यांतून सोळा प्रकार निघतात.

एवढ्यावर काम भागले असते तर वाद लवकर मिटले असते. पण या क्षेत्रात दोन संप्रदाय आहेत आणि ते एकच अक्षर वेगळ्या तऱ्हेने वाचतात. एक संप्रदाय प्रत्येक अक्षर सुटे घेतो. दुसरा युंग यांच्याकडे परत जाऊन संवेदन, अंतःप्रज्ञा, विचार आणि भावना या चार क्रियांची अंतर्मुख व बहिर्मुख अशी आठ रूपे मानतो आणि प्रत्येक प्रकारात त्यांपैकी चार रूपे ठरावीक उतरंडीने बसवतो. त्यामुळे पहिल्या संप्रदायाच्या दृष्टीने ‘आयएनएफजे’ आणि ‘आयएनएफपी’ यांच्यात फक्त एका अक्षराचे अंतर असते, तर दुसऱ्याच्या दृष्टीने या दोघांच्या उतरंडीत एकही क्रिया समान नसते. एखाद्या लेखकाविषयी दोन अभ्यासू माणसे तासन्‌तास वाद घालून एकमेकांना जराही पटवू शकत नाहीत, त्याचे कारण पुष्कळदा लेखकात नसते, ते या दुहेरी वाचनात असते.

प्रसिद्धांच्या प्रकारनिश्चितीला सर्वांत मोठे बळ दिले ते अमेरिकी मानसतज्ज्ञ डेव्हिड कीर्सी यांनी. मॅरिलिन बेट्स यांच्यासह १९७८ मध्ये लिहिलेल्या त्यांच्या पुस्तकाने सोळा प्रकारांची चार प्रकृतींत विभागणी केली आणि पुढे त्यांनी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या प्रकृतींवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. लिंकन आणि आइन्स्टाइन यांना बुद्धिनिष्ठांच्या गटात आणि गांधीजींना ध्येयवाद्यांच्या गटात बसवणारी त्यांची यादी पुढे इतकी पसरली की ती मते आहेत हे विसरून लोक तिला नोंद समजू लागले. तिकडे लिथुआनियात आउश्रा आउगुस्टिनाविच्यूटे यांनी सत्तरीच्या दशकात युंग यांच्याच पायावर ‘सोशिऑनिक्स’ नावाची समांतर पद्धती रचली. तिच्यात तर प्रकारांनाच प्रसिद्धांची नावे मिळाली आणि नेपोलियन, बाल्झाक, दोस्तोएव्हस्की, हॅम्लेट, डॉन किहोते अशी खरी व काल्पनिक माणसे एकाच ओळीत स्वभावाची मापे म्हणून उभी राहिली.

गांधीजींचे उदाहरण थोडे जवळून पाहण्यासारखे आहे, कारण त्यांच्याइतकी स्वतःविषयी लिहून ठेवणारी सार्वजनिक व्यक्ती विरळा. ‘आय’ या अक्षराचा पुरावा त्यांनीच दिला आहे: विलायतेतून बॅरिस्टर होऊन आल्यावर मुंबईच्या लघुवाद न्यायालयात पहिल्या खटल्यात उलटतपासणीसाठी ते उभे राहिले, डोके गरगरले, एकही प्रश्न सुचला नाही, ते खाली बसले आणि तीस रुपयांची फी परत करून निघून आले. पुढे आयुष्यभर पाळलेले सोमवारचे मौन याच बाजूला मांडले जाते. पण याच माणसाने पुढची तीन दशके रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाच्या डब्यात, सभांत, आश्रमांत, सदैव माणसांच्या गराड्यात काढली, आणि भेटीला येणाऱ्यांची रीघ त्यांनी कधी तोडली नाही. मग कोणता पुरावा स्वभावाचा आणि कोणता कर्तव्याचा?

दुसऱ्या अक्षराची अडचण याहून मोठी आहे. १२ मार्च १९३० रोजी साबरमतीहून निघून सुमारे ३८५ किलोमीटर चालत ६ एप्रिलला दांडीच्या किनाऱ्यावर त्यांनी मूठभर मीठ उचलले. एका पक्षाच्या मते साम्राज्याच्या सत्तेचे मर्म मिठासारख्या क्षुल्लक वस्तूत पाहणे ही अंतःप्रज्ञेची झेप आहे, कारण काँग्रेसमधील अनेक मुरब्बी पुढाऱ्यांनाही सुरुवातीला त्यात अर्थ दिसला नव्हता. दुसरा पक्ष म्हणतो की गरिबाच्या ताटात रोज लागणारी, हातात धरता येणारी, करासह जिची किंमत प्रत्येक बाईला ठाऊक आहे अशी वस्तू निवडणे हेच संवेदनप्रधान माणसाचे लक्षण, आणि त्याच्या जोडीला ते पैपैचा चोख हिशेब, कमरेचे घड्याळ, आहारातील मापे आणि सूतकताईचे तार यांची आठवण करून देतात. कृती एकच, हातही एकच, आणि तरी ‘एन’ व ‘एस’ दोघांनाही ती आपली साक्षीदार वाटते. तिसऱ्या अक्षराविषयी लिहायचे तर प्रत्येक उपोषणाचा असाच दुहेरी अर्थ लावता येईल. हा गोंधळ वाद घालणाऱ्यांच्या अज्ञानामुळे होत नाही. मायर्स-ब्रिग्ज पद्धती पसंतीविषयी बोलते आणि चरित्र कृतीविषयी बोलते, आणि एका कृतीमागे अनेक पसंती असू शकतात, म्हणून तो होतो.

हयात आणि प्रकाशझोतातील व्यक्तींच्या बाबतीत आणखी एक अडसर येतो. इंदूरला मराठी कुटुंबात जन्मलेले राहुल द्रविड यांची शांत, संयमी, अभ्यासू अशी प्रतिमा त्यांच्या फलंदाजीने घडवली. कसोटी क्रिकेटमध्ये ३१ हजारांहून अधिक चेंडू खेळून काढणाऱ्या माणसाविषयी तसे वाटणे स्वाभाविकच होते, आणि प्रकार ठरवणाऱ्यांनी त्यांना अंतर्मुख व ‘जे’ ठरवून टाकले. २०२१ च्या एप्रिलमध्ये एका जाहिरातीत तेच द्रविड बंगळुरूच्या वाहतूककोंडीत आरडाओरडा करताना आणि शेजारच्या मोटारीचा आरसा बॅटने फोडताना दिसले तेव्हा देशभर हशा पिकला, आणि तो पिकला याचे कारण प्रतिमा किती घट्ट बसली होती हे होय. परंतु २५ मे २०१४ च्या रात्री वानखेडेवर जाहिरात नव्हती. राजस्थान रॉयल्सने दिलेले १९० धावांचे लक्ष्य १४.३ षटकांत गाठले तरच मुंबई इंडियन्स बाद फेरीत जाणार होती, तेवढ्या चेंडूंत धावसंख्या १८९ वर येऊन अडकली, पुढच्या चेंडूवर चौकार किंवा षटकार आवश्यक ठरला, आणि फॉकनर यांच्या फुलटॉसवर आदित्य तरे यांनी षटकार खेचला; तेव्हा राजस्थानचे मार्गदर्शक असलेल्या द्रविड यांनी उसळून डोक्यावरची टोपी काढून जमिनीवर आपटली. ज्यांनी ते दृश्य पाहिले त्यांना ‘हे खरे द्रविड नव्हेत’ असे वाटले असेल, पण ते खरेच होते. बॅट हातात असताना माणूस काही करू शकतो, बाकावर बसल्यावर तो काहीच करू शकत नाही. परिस्थिती पालटली तसे वर्तन पालटले.

माणसाच्या वागण्याचे कारण शोधताना परिस्थितीला कमी आणि स्वभावाला जास्त श्रेय देण्याच्या या सवयीला अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ली रॉस यांनी १९७७ मध्ये मूलभूत आरोपण-दोष असे नाव दिले, म्हणजे कारण चुकीच्या जागी चिकटवण्याची चूक. त्याच वर्षी त्यांनी आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात कोण प्रश्न विचारणार आणि कोण उत्तरे देणार हे निव्वळ योगायोगाने ठरवले गेले होते, विचारणाऱ्याला आपल्या माहितीतले अवघड प्रश्न निवडण्याची पूर्ण मुभा होती, आणि हे सर्व उघड ठाऊक असूनही पाहणाऱ्यांनी प्रश्न विचारणारी व्यक्तीच अधिक ज्ञानी ठरवली. प्रसिद्ध माणसाची अवस्था त्या प्रश्न विचारणाऱ्यासारखी असते. कॅमेरा, लिहून दिलेले संवाद, जनसंपर्क अधिकारी, कर्णधारपदाची जबाबदारी, पक्षाची शिस्त हे सारे त्याचे वागणे आखून देतात आणि पाहणारा त्या आखणीलाच स्वभाव समजतो. होर्टन आणि वोल या अभ्यासकांनी १९५६ मध्येच नोंदवले होते की दूरचित्रवाणीवर वारंवार दिसणाऱ्या माणसाशी प्रेक्षकाची एक एकतर्फी जवळीक तयार होते. पडद्यावरचा माणूस आपल्याला ओळखत नाही, तरी त्याला आपण ओळखतो असे मनापासून वाटू लागते. प्रकारांवरील वादात जी तळमळ दिसते तिचा उगम या जवळिकीत आहे, आणि ती तळमळ खोटी नाही.

आता खुद्द मापनाविषयी. व्यक्तिमत्त्वाचे शास्त्रीय मापन करणारे बहुसंख्य संशोधक मायर्स-ब्रिग्ज पद्धती वापरत नाहीत, आणि त्यामागे ठोस कारणे आहेत. अंतर्मुखता-बहिर्मुखतेसारखे गुण उंचीसारखे असतात, बहुतेक माणसे मध्याच्या आसपास असतात आणि दोन्ही टोकांना थोडी. परंतु ही सूची मध्यावर रेघ ओढून अल्याडच्याला एक अक्षर आणि पल्याडच्याला दुसरे देते, त्यामुळे रेघेलगतचे दोन जवळजवळ सारखे लोक वेगळ्या प्रकारांत पडतात आणि एकाच प्रकारातील दोन माणसे एकमेकांपासून कितीतरी दूर असू शकतात. काही आठवड्यांनी तीच प्रश्नावली पुन्हा सोडवल्यास जवळपास निम्म्या लोकांचे किमान एक अक्षर बदलते, असे निष्कर्ष काही अभ्यासांत मिळाले आहेत. मॅक्रे आणि कोस्टा यांनी १९८९ मध्ये दाखवून दिले की चारही जोड्या आज सर्वमान्य असलेल्या पाच गुणघटकांपैकी चारांशी कमीअधिक जुळतात, म्हणजे सूची काहीच मोजत नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण पाचवा घटक, चिंता आणि मनाची अस्थिरता, तिच्यात नाहीच. कोणत्याही कलाकाराच्या चरित्रात हा घटक किती मोठी जागा व्यापतो हे लक्षात घेतले तर ही उणीव किरकोळ म्हणता येत नाही.

वर्णन पटणे हा वर्णन खरे असल्याचा पुरावा नव्हे, हेही येथे सांगायला हवे. बर्ट्रम फोरर यांनी आपल्या ३९ विद्यार्थ्यांना एक चाचणी दिली आणि प्रत्येकाला त्याचे स्वतंत्र व्यक्तिवर्णन म्हणून एकच मजकूर दिला, जो त्यांनी मुख्यतः ज्योतिषाच्या पुस्तकातून जमवला होता. विद्यार्थ्यांनी त्याच्या अचूकतेला पाचपैकी सरासरी सव्वाचारहून अधिक गुण दिले. १९४९ साली प्रसिद्ध झालेला हा प्रयोग राशिभविष्य वाचणाऱ्या घरांत सहज समजेल. मायर्स-ब्रिग्जची सोळाही वर्णने तर केवळ गुणांच्या भाषेत लिहिलेली आहेत, त्यांत कोणालाच वाईट म्हटलेले नाही, त्यामुळे आवडत्या व्यक्तीला कोणतेही वर्णन लावले तरी ते शोभून दिसते.

प्रसिद्ध व्यक्तीने स्वतः प्रश्नावली सोडवली तर प्रश्न सुटेल असे वाटते. दक्षिण कोरियात, जिथे पहिल्या ओळखीतच चार अक्षरे विचारण्याची रीत पडली आहे, बीटीएस या गायकसमूहाने २०२२ मध्ये कॅमेऱ्यासमोर ही चाचणी दिली आणि काही सदस्यांची अक्षरे त्यांनी पूर्वी सांगितलेल्या अक्षरांपेक्षा वेगळी आली. तिशीच्या उंबरठ्यावरील माणूस विशीतल्या स्वतःहून वेगळा असणे यात नवल नाही. पण ‘प्रकार जन्मभर तोच राहतो’ या मूळ गृहीतकाला त्याने धक्का बसतो.

दुरून केलेल्या निदानाची दुसरी, अधिक गंभीर बाजू अमेरिकेने १९६४ मध्ये पाहिली. ‘फॅक्ट’ नावाच्या नियतकालिकाने अध्यक्षपदाचे उमेदवार बॅरी गोल्डवॉटर यांच्या मानसिक योग्यतेविषयी १२,३५६ मनोविकारतज्ज्ञांना प्रश्न पाठवले, २,४१७ जणांनी उत्तरे दिली आणि त्यांपैकी १,१८९ जणांनी त्यांना अयोग्य ठरवले. त्यांना तपासलेला त्यांत कोणीही नव्हता. गोल्डवॉटर यांनी अब्रुनुकसानीचा खटला जिंकला आणि १९७३ मध्ये अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने, स्वतः तपासल्याशिवाय आणि संमतीशिवाय सार्वजनिक व्यक्तीचे निदान जाहीर करू नये, असा नियम आपल्या आचारसंहितेत घातला. चार अक्षरे म्हणजे रोगनिदान नव्हे, त्यामुळे हा नियम येथे जसाच्या तसा लागू होत नाही. तरीही मायर्स-ब्रिग्जचे अधिकृत प्रशिक्षकही हेच सांगतात की अंतिम प्रकार ठरवण्याचा अधिकार फक्त त्या व्यक्तीचा आहे आणि नोकरीसाठी माणूस निवडताना ही सूची वापरू नये.

मराठी वाचकाला स्वभावांची वर्गवारी नवी नाही. दासबोधाच्या दुसऱ्या दशकात समर्थ रामदासांनी मूर्खलक्षणे, पढतमूर्खलक्षणे आणि सत्त्व, रज, तम या गुणांची लक्षणे विस्ताराने सांगितली आहेत. परंतु ती दुसऱ्याला लावण्यासाठी नसून श्रोत्याने आपल्यात शोधून टाकण्यासाठी किंवा बाणवण्यासाठी सांगितलेली आहेत, आणि रज-तमाचे माप एकाच माणसात कमीजास्त होत राहते हे तेथे गृहीतच आहे. प्रकारांच्या भाषेचा चांगला उपयोग याच दिशेने होतो. ‘संवेदन’ आणि ‘अंतःप्रज्ञा’ हे शब्द कळल्यावर दांडीयात्रेकडे दोन नव्या बाजूंनी पाहता येते, मिठाचा निर्णय कसा झाला असेल हा प्रश्न पडतो, आणि हा प्रश्न पडणे हे एखादे अक्षर ठरवून मोकळे होण्यापेक्षा कितीतरी मोलाचे आहे. म्हणून असे वाद घालणाऱ्यांनी ते थांबवू नयेत, पण प्रत्येक पुराव्यापुढे तो प्रसंग कोणत्या परिस्थितीत घडला हे लिहावे, आणि त्याच आयुष्यातील उलट जाणारा एक प्रसंग शोधून शेजारी मांडावा.

गांधीजींनी ही प्रश्नावली सोडवलेली नाही. त्यांची आत्मकथा मात्र १९२५ ते १९२९ या काळात ‘नवजीवन’मधून प्रकरणाप्रकरणाने छापून आली, ती मराठीतही उपलब्ध आहे, आणि मुंबईच्या न्यायालयातील त्या फसलेल्या उलटतपासणीचे प्रकरण काही पानांचेच आहे, चार अक्षरे लिहिण्यापूर्वी निदान तेवढे वाचावे.